मुंबईच्या दमट हवेत फुलं वाळवताना

मुंबईत फुलं वाळवायला घ्यायची तर आधी हवा बघायची, फुलं नंतर. ‘गुच्छ उलटा टांगा, दोन आठवड्यांत वाळतो’ हा सल्ला कोरड्या हवेचा आहे. नाशिकला किंवा पुण्याला फेब्रुवारीत तो तंतोतंत लागू पडतो. माहीमच्या किंवा बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये जुलैत तसाच गुच्छ टांगला, तर आठवड्याभरात पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात, जिथे देठ एकमेकांना चिकटलेले असतात तिथे राखाडी बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. ताज्या फुलाच्या वजनात साधारण ८० ते ९० टक्के पाणीच असतं. ते पाणी हवेनं ओढून घ्यायचं असतं, आणि पावसाळ्यात इथली हवा आधीच भरलेली असते.

म्हणून माझ्याकडे पहिली वस्तू म्हणजे आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. ज्या खोलीत फुलं टांगणार तिथेच तो ठेवायचा, हॉलमध्ये ठेवून आतल्या खोलीचा अंदाज बांधायचा नाही. आकडा ६० टक्क्यांच्या खाली असेल तर टांगून वाळवता येतं. ६० ते ७० असेल तर पंखा लागतो, आणि रात्री एसी चालू राहणारी खोली मिळाली तर उत्तम. ७०च्या वर असेल तर टांगण्याचा नाद सोडायचा आणि सिलिका जेलकडे, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांकडे वळायचं. मुंबईत टांगण्याचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर हीटमध्ये पाऊस पूर्ण ओसरल्यावर काही दिवस मिळतात. एप्रिल-मे मध्ये ऊन रणरणतं, पण समुद्रावरून येणारी हवा ओलसर असते, त्यामुळे त्या ऊनाला फसायचं नाही. आणि उन्हात तर फुलं कधीच घालायची नाहीत. पापड-कुरडयांना ऊन लागतं, पण फुलाचा रंग त्यानंच उडतो.

फुलं दादर पश्चिमेच्या फूलबाजारातून घ्यावीत, पण पूजेसाठी घेतो त्या नजरेनं नाही. विक्रेते टवटवी टिकावी म्हणून ढिगावर सतत पाणी मारतात. ते पाणी गुलाबाच्या आतल्या पाकळ्यांमध्ये आणि शेवंतीच्या बुडाशी साठून राहतं, आणि सड तिथूनच सुरू होते. वरचा चमकदार माल सोडून पुठ्ठ्यात बांधलेला, न उघडलेला गड्डा मागावा. घरी आणल्यावर देठ तिरके कापून दोन तास पाण्यात उभे करायचे म्हणजे मान ताठ होते. फुलाचा माथा मात्र कोरडा राहिला पाहिजे. ओलावा दिसलाच तर पाकळ्या टिश्यूपेपरनं टिपून पंख्याखाली तासभर ठेवायच्या. गुलाबाच्या सगळ्यात बाहेरच्या एक-दोन पाकळ्या वाहतुकीत दबलेल्या असतात, त्या काढून टाकायच्या. ताज्या फुलावर जेमतेम दिसणारी दाबाची खूण वाळल्यावर काळा डाग होऊन उठते.

फूल कुठल्या टप्प्यावर घ्यायचं हे जातीवर ठरतं. गुलाब अर्धा उमललेला हवा, कारण पूर्ण उमललेल्या गुलाबाच्या पाकळ्या वाळताना बुडापासून सुटतात. हेलिक्रायसम (कागदी पाकळ्यांचं फूल) तर कळी नुकती उघडू लागली की घ्यायचं, ते वाळतानाही उमलत राहतं आणि उशीर झाला तर मधला गाभा बाहेर येतो. स्टॅटिस (गुच्छात लावतात ती बारीक कागदी फुलं) उलट, झुपक्यातली बहुतेक फुलं उघडलेली असतील तेव्हाच. न उघडलेली स्टॅटिस वाळल्यावर आक्रसून जाते.

पहिल्यांदा करणाऱ्यानं स्टॅटिस, जिप्सोफिला (गुच्छातली बारीक पांढरी फुलं), कोंबडा, गोम्फ्रेना (बटणासारखी गोल फुलं) यांपासून सुरुवात करावी. यांचा फुलोरा मुळातच कागदी असतो, पाणी कमी असतं, आणि आकार बदलत नाही. कोंबड्याच्या खाली वर्तमानपत्र पसरावं, वाळताना त्यातून बारीक काळं बी गळत राहतं. गुलाब, कार्नेशन, शेवंती, जर्बेरा ही मधली पायरी. मोगरा, जाई, निशिगंध, सोनचाफा आणि लिली यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा मांसल पाकळीच्या पेशी फुटल्या की आतली द्रव्यं हवेशी संयोग पावतात आणि पाकळी तपकिरी पडते, कापलेलं सफरचंद पडतं तशी. मोगऱ्याचा गजरा आठवण म्हणून जपायचा असेल तर तो तपकिरीच होणार हे धरून चालावं.

रंगाचंही आधी समजून घ्यावं, नाहीतर पदरी निराशा येते. लाल गुलाबातला रंग अँथोसायनिनचा. पाणी गेलं की तो गडद होतो आणि गर्द लाल गुलाब जवळजवळ काळा दिसू लागतो. वाळल्यावर लाल दिसावा असं वाटत असेल तर ताजा असताना गुलाबीकडे झुकणारा लाल निवडायचा. पिवळा आणि नारिंगी चांगले टिकतात. पांढरा गुलाब अगदी नीट वाळला तरी साईच्या रंगावर येतो, शुभ्र राहत नाही.

आता टांगण्याचं. मुंबईच्या बहुतेक घरांत छताला कपड्यांसाठी दोरी-कप्पीच्या दांड्या असतात. फुलं टांगायला त्यांच्याइतकी सोयीची जागा नाही, फक्त तिथे त्या काळात ओले कपडे घालायचे नाहीत. बेडरूममधली दांडी असेल तर सगळ्यात चांगलं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या दाराजवळची जागा नको, कुकरची आणि गरम पाण्याची वाफ रोज तिथे पोहोचते. पाच ते सात देठांची एक जुडी, त्याहून मोठी नाही. माथे वर-खाली ठेवायचे म्हणजे एकमेकांना टेकत नाहीत. खालची सगळी पानं काढून टाकायची. बांधायला सुतळी नको, रबरबँड घ्यावा. देठ वाळताना बारीक होतात, सुतळीची गाठ तेवढीच राहते आणि एखाद्या रात्री सगळी जुडी सुटून खाली येते. रबरबँड देठाबरोबर आवळत जातो.

उलटं टांगायचं कारण मानेत आहे. पाणी निघू लागलं की फुलाखालचा देठ लुळा पडतो. फूल खाली लोंबत असेल तर त्याच्याच वजनानं मान सरळ राहते आणि तशीच कडक होते. सरळ उभं ठेवलेलं फूल तिथेच वाकतं आणि वाकलेलंच वाळतं. जिप्सोफिलाला हा त्रास नाही, तो फुलदाणीत बोटभर पाण्यात उभा ठेवला आणि पाणी संपू दिलं तरी सुरेख वाळतो.

खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, पंखा कमी वेगावर चालू ठेवावा, पण झोत थेट फुलांवर नको. हिवाळ्यात स्टॅटिस आठ-दहा दिवसांत होते, गुलाबाला दोन ते तीन आठवडे लागतात. झालं की नाही हे पाकळी चाचपून ठरवू नये, पाकळी सगळ्यात आधी वाळते. देठ वाकवून बघावा, कट्ट करून मोडला पाहिजे. गुलाबाचं पाकळ्यांखालचं हिरवं बूड चिमटीत दाबून बघावं, तिथे जराही मऊ लागलं तर अजून वेळ आहे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पूर्ण जुडी रोज एकाच वेळी तोलायची आणि आकडा लिहून ठेवायचा. सुरुवातीच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शावर काटा येतो आणि मग थांबतो. लागोपाठ दोन-तीन दिवस वजन उतरलं नाही, की हवेनं घ्यायचं तेवढं घेतलं. ते एक तृतीयांशावरच थांबलं, तर फूल वाळलेलं नाही, हवा दमट आहे. अशी जुडी तशीच टांगून ठेवण्यात अर्थ नाही, ती सिलिकात घालायची.

सिलिका जेल ही मुंबईसाठी खरी पद्धत. यात फूल घरातल्या हवेवर अवलंबून राहत नाही, बंद डब्यात त्याला वेगळी कोरडी हवा मिळते. चपलांच्या खोक्यात येणारे मोठे मणी फुलांना चालत नाहीत, ते पाकळीवर खळगे पाडतात. साखरेएवढ्या किंवा त्याहून बारीक दाण्याचं जेल मागायचं. ऑनलाइन मिळतं, प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांतही चौकशी करता येते. ओल दाखवणारे रंगीत दाणे मिसळलेले असतील तर नारिंगी घ्यावेत, ते ओले झाले की हिरवट होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, घरात नको. जेलची बारीक धूळ घशाला आणि डोळ्यांना झोंबते, म्हणून ओतताना मास्क लावायचा आणि पंखा बंद करायचा.

सहा गुलाबांना २० बाय १५ सेंटिमीटरचा आणि १० सेंटिमीटर खोल हवाबंद डबा पुरतो. त्याला साधारण दोन किलो जेल लागतं. गुलाबाचा देठ दोन सेंटिमीटर ठेवून बाकीचा कापायचा. पुढे लांब देठ हवा असेल तर आत्ताच २२ किंवा २४ गेजची तार बुडातून वर खोचून ठेवायची. वाळल्यावर खोचायला गेलं तर बूड फुटतं.

भरण्याचं काम सावकाश करायचं असतं, आणि सगळी करामत त्यातच आहे. तळाला तीन सेंटिमीटर जेल पसरायचं, बोटानं खळगा करून त्यात गुलाब तोंड वर करून बसवायचा, दोन फुलांमध्ये बोटभर जागा ठेवायची. मग चमच्यानं जेल डब्याच्या कडेला सोडायचं, फुलावर नाही. ते घरंगळत येऊन बाहेरच्या पाकळ्यांच्या खाली जमतं आणि त्यांना आधार देतं. बाहेरचा थर अर्ध्यावर आला की कागदाच्या पुंगळीतून आतल्या पाकळ्यांमध्ये थोडं थोडं सोडायचं. नंतर पुन्हा बाहेर, पुन्हा आत. दोन्ही थर बरोबरीनं चढले पाहिजेत. आत आधी भरलं तर पाकळ्या बाहेर फाकतात आणि गुलाब चपटा होतो. बाहेर आधी भरलं तर पाकळ्या आत दाबल्या जाऊन कळीसारखा आवळतो. मधून मधून डब्याला टिचकी मारायची म्हणजे पोकळ्या भरतात. पाकळीमागे पोकळी राहिली तर पाकळी तिथे सुरकुतते. माथा दिसेनासा झाला की वर आणखी दोन सेंटिमीटर जेल, घट्ट झाकण, झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टी, आणि वर फुलाचं नाव व तारीख.

जर्बेरा आणि सपाट तोंडाची फुलं मात्र पालथी घालायची. जेलचा उंचवटा करून त्यावर फूल उपडं टेकवायचं आणि पाठीवर जेल ओतायचं, म्हणजे पाकळ्या सपाट राहतात. जर्बेराला तीन-चार दिवस लागतात, शेवंतीला चार ते सहा, गुलाबाला सात ते दहा. डबा रोज उघडून बघायचा मोह टाळावा. दर वेळी मुंबईची हवा आत शिरते आणि जेल ती पिऊन घेतं. वेळ झाल्यावर डबा तिरपा करून एका फुलाची कड तेवढी उघडी करायची. पाकळीला टिचकी मारल्यावर कागदासारखा आवाज आला तर डबा हळूहळू ताटात रिता करायचा आणि फुलाखाली हात धरून ते उचलायचं. चिमटीत धरून ओढायचं नाही.

इथेच बहुतेकांचा गुलाब बिघडतो. पाकळ्या कुरकुरीत झालेल्या असतात, पण जाड बुडात अजून पाणी असतं. फूल बाहेर ठेवलं की ते पाणी पाकळ्यांच्या मुळाशी चढतं आणि दोन दिवसांत पाकळ्या एकेक करून गळतात. उपाय सोपा आहे. फूल बाहेर काढल्यावर त्याच डब्यात जेलच्या वर फक्त बूड पुरून, पाकळ्या मोकळ्या ठेवून, झाकण लावून आणखी दोन-तीन दिवस ठेवायचं. उलट, सगळंच फूल महिनाभर जेलमध्ये विसरलं तर पाकळ्या इतक्या ठिसूळ होतात की ब्रश लागला तरी तुटतात. पाकळ्यांवर राहिलेली धूळ मऊ, कोरड्या रंगकामाच्या ब्रशनं झाडायची. एखादी पाकळी सुटलीच तर काडीच्या टोकावर फेव्हिकॉलचा ठिपका घेऊन बुडाशी लावायची.

वापरलेलं जेल फेकायचं नाही. ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला, सपाट ट्रेमध्ये दोन सेंटिमीटरचा थर करून, दोन ते तीन तास तापवलं आणि मध्ये एक-दोनदा हलवलं की दाणे पुन्हा नारिंगी होतात. फार जास्त तापवलं तर रंगाचे दाणे खराब होतात आणि मग ओल कळत नाही. तापवल्यावर ते ओट्यावर उघडं गार करत ठेवलं, तर गार होईपर्यंत अर्धी मेहनत वाया जाते. कोमट होताच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं आणि पूर्ण गार झाल्यावरच फुलांना वापरावं. हे भांडं पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह. काचेच्या वाडग्यात वर सांगितलं तसंच फूल पुरायचं, तार मात्र अजिबात लावायची नाही. शेजारी अर्धा कप पाणी ठेवायचं. मध्यम तापमानावर आधी एक मिनिट, मग तीस-तीस सेकंदांनी बघत जायचं, गुलाबाला बहुधा दोन ते तीन मिनिटं होतात. मग वाडगा बाहेर काढून, झाकण किंचित उघडं ठेवून, रात्रभर जेलमध्येच गार होऊ द्यायचा. गरम असताना फूल काढलं तर ते मऊ असतं आणि कोसळतं. रंग या पद्धतीत सगळ्यात उजळ राहतात, पण पहिलं फूल नेहमी चाचणीचं समजावं, कारण प्रत्येक मायक्रोवेव्हची आच वेगळी.

वाळूत पुरण्याची जुनी पद्धत मी इथे सुचवत नाही. वाळू फुलाला आधार देते, पाणी शोषत नाही, पाणी शेवटी हवेतच जावं लागतं. पुन्हा ती जड, नाजूक पाकळी दबते.

दाबून वाळवणं स्वस्त आणि मुंबईत बऱ्यापैकी यशस्वी, कारण पाणी कागद ओढतो. सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहांत वनस्पतींचे नमुने याच तत्त्वावर, कागदांच्या घड्यांत दाबून वाळवलेले असतात. घरी टीपकागद किंवा वर्तमानपत्र, वर जाड पुस्तकांचं ओझं. पहिले चार दिवस कागद रोज बदलायचा, पुढे एक दिवसाआड. कागद बदलायचा कंटाळा केला तर ओला कागदच फुलाला बुरशी लावतो. यासाठी कॉसमॉस, नेचे, गुलमोहराच्या सुट्या पाकळ्या आणि बोगनवेल घ्यावी. बोगनवेलीचा रंगीत भाग मुळात पानासारखा पातळ, चार-पाच दिवसांत होतो आणि रंगही छान धरतो. गुलाब अख्खा दाबू नये, पाकळ्या सुट्या कराव्यात.

दसऱ्यानंतर घरोघरी झेंडूच्या तोरणांचा ढीग पडतो. अख्खी फुलं वाळत घातली तर हिरव्या बुडात ओल राहून आतून बुरशी येते. दोरा काढून टाकायचा, पाकळ्या उपटून कागदावर एकेरी थरात पसरायच्या, पंखा लावायचा, दिवसातून दोनदा वरखाली करायच्या. तीन-चार दिवसांत त्या रांगोळीला किंवा सुगंधी मिश्रणाला तयार होतात. बुडं खताच्या कुंडीत जातात.

हे सगळं नीट झालं तरी मुंबईत काम निम्मंच झालेलं असतं. वाळलेलं फूल हवेतली ओल परत घेतं. जानेवारीत कडक असलेला गुलाब जूनमध्ये मऊ पडतो, मान टाकतो आणि मग त्याला बुरशी किंवा कीड लागते. हेअरस्प्रे मारल्यानं ओल थोडी उशिरा चढते, थांबत नाही. पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रे जरा बरा. फूट-दीड फुटावरून दोन-तीन पातळ हात द्यायचे, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं, गॅस बंद आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. पण सिलिकात वाळवलेल्या गुलाबाला इथे एकच जागा, ती म्हणजे बंद काच. काचेची बरणी किंवा खोल फ्रेम, कोपऱ्यात नजरेआड सिलिकाची पुडी, आणि मागच्या बाजूला चिकटपट्टी. उघड्या फुलदाणीत ठेवायचंच असेल तर स्टॅटिस, जिप्सोफिला, कोंबडा, गोम्फ्रेना ठेवा, ती पावसाळा बऱ्यापैकी काढतात. भिंतीवर लावणार असाल तर बाहेरची, पावसात ओल धरणारी भिंत नको, आणि थेट ऊन येणारी खिडकीही नको.

साठवणीच्या खोक्यात किडीकडे लक्ष ठेवावं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली बारीक भुकटी दिसली की तपकिरी भुंगेरे आत आहेत असं समजायचं. ते फूल आणि त्याचे शेजारी झिपलॉक पिशवीत हवा काढून बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवायचे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं फूल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे चार-पाच तास, बंदच ठेवायची, नाहीतर थंड पाकळ्यांवर दव धरतं.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बरणीतली पुडी बघावी. दाणे हिरवट झाले असतील तर बदलून तापवून ठेवलेली दुसरी घालावी. मऊ पडलेलं पण स्वच्छ फूल दोन दिवस कोरड्या जेलवर ठेवलं की परत कडक होतं, फक्त आकार बिघडायच्या आत ते करावं लागतं. बुरशीचा पांढरा किंवा राखाडी धागा एकदा दिसला, की ते फूल काढून टाकायचं आणि बरणी धुऊन, पूर्ण वाळवून, मगच बाकीची फुलं पुन्हा आत ठेवायची.